डॉ. सकपाळ यांचा जाहीर निषेध

बुद्धभूषण सकपाळच्या नावाचं कॉलेजचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं आणि ते त्याच्याआधी चाळीने वाचलं. पोस्टमनकडून ते त्याच्या आईने, रमाबाईंनी, घेतलं. मजकूर इंग्रजीत होता म्हणून त्यांनी तो शेजारच्या गुणाजी परबांना दाखवला. गुणाजींचं इंग्रजीही बेताचंच, त्यामुळे त्यांनी नुसता वरचा शिक्का आणि खालची सही बघितली.

"वहिनी, पत्र इला म्हणजे नोकरी लागली!" गुणाजींनी जाहीर केलं.

काळाचौकीच्या त्या चाळीत पत्राचा दुसरा अर्थ कुणाला माहीतच नव्हता. गिरणीच्या दिवसांत माणूस बदली कामगार म्हणून वर्षानुवर्षं फाटकाशी उभा राहायचा आणि ज्या दिवशी कागद हातात यायचा त्या दिवशी पेढे वाटायचा. नुसतं 'मुलाखतीला या' एवढं सांगायला कुणी शिक्का मारून कागद धाडतं, ही गोष्ट तिथल्या कुणाच्या सात पिढ्यांनी ऐकली नव्हती.

बुद्धभूषण स्वतःही अकरा वर्षं बदलीवरच होता. परळच्या एका कॉलेजात तो तासावर राज्यशास्त्र शिकवायचा. त्याचा खास विषय होता जगभरच्या काळ्या माणसांचं राजकारण आणि आफ्रिकी ऐक्याची चळवळ. डॉक्टरेट त्याने या चळवळीच्या १९४५ सालच्या मँचेस्टरच्या परिषदेवर केली होती, आणि समुद्रमार्गे तो स्वतः अलिबागच्या पुढे कधी गेला नव्हता. चाळीत एवढंच ठाऊक होतं की भूषण आफ्रिकेचा आहे. राणीच्या बागेत नवीन प्राणी आला की लोक त्याला विचारायला यायचे. तो चिडायचा नाही. सातवीत असताना वाचनालयात त्याने पहिल्यांदा वाचलं होतं, की समुद्रापलीकडेही माणसं पाणवठ्यासाठी, शाळेतल्या बाकासाठी आणि ताठ मानेसाठी भांडली. ते वाचून त्याला रडू आलं होतं, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. आता अकरा वर्षांनी कायमची एक जागा निघाली होती, आणि वयाच्या अटीनुसार त्याच्यासाठी ती शेवटची होती. मुलाखत सोमवारी होती.

शनिवारी सकाळी तो शिकवायला गेला, तर कॉलेजच्या फाटकासमोर बारा फुटी फ्लेक्स.

'चाळीचे भूषण, आफ्रिका खंडाचे प्राध्यापक डॉ. बुद्धभूषण सकपाळ यांची कायमस्वरूपी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध त्याचं डोकं होतं, पण कोट दुसऱ्याचा. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला जिराफ. खाली गुणाजींच्या कबड्डी मंडळाचे पंधरा चेहरे, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे.

त्याने गुणाजींना फोन लावला. "काका, हे काय केलंत? अजून मुलाखत व्हायचीय!"

"अरे, मगे होऊ दे की! आम्ही खंय नाय म्हणतंव?"

"काका, तो काढा."

"वरती चढवलेलो फ्लेक्स काढीत नाय रे. अपशकुन आसता."

फोन ठेवून बुद्धभूषणने वर पाहिलं. जिराफ त्याच्याचकडे बघत होता.

रविवारी दुपारी, मटणाची जेवणं होऊन सगळं गिरणगाव घोरत असताना, तो कपडे वाळत घालायची काठी घेऊन निघाला. कुणी ओळखू नये म्हणून त्याने बायकोचं, रश्मीचं, हेल्मेट घातलं. स्कूटर न घेता नुसतं हेल्मेट घालून चालणारा माणूस जास्तच नजरेत भरतो, हे त्या विद्वानाच्या लक्षात आलं नाही. दोरी सुटेना, म्हणून त्याने काठी ढोसली. फ्लेक्स फाटला तो नेमका त्याच्या नाकातून. समोरच्या पानवाल्याने त्याचा व्हिडिओ घेतला, आणि बुद्धभूषण घरी पोचायच्या आत तो चाळीच्या ग्रुपवर पोचला.

"हे हेल्मेट ओळखीचं वाटतंय," रश्मी मोबाइलकडे बघत म्हणाली.

"रश्मी, प्लीज."

"मी काही बोलत नाही. फक्त माझं हेल्मेट आता धुऊन ठेव, त्यावर पान थुंकलंय कुणीतरी."

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत सभा भरली. गुणाजींचा आवाज भरून आला होता. "आपल्या झिलाच्या, भूषणच्या, तोंडार काठी मारल्यानी! अकरा वर्षां राबवून घेतल्यानी, आणि आता नोकरी देवची वेळ इली तर फ्लेक्स फाडतत! उद्या दहा वाजता कॉलेजार मोर्चो!"

"काका, ऐका ना," बुद्धभूषण उठला. "कदाचित फाडणाऱ्याचा हेतू वाईट नसेल..."

"बघा! तोंड फाडल्यानी तरी कसो बोलता! ह्येका म्हणतत शिकलेलो माणूस." टाळ्या पडल्या. "तो हेल्मेटवालो फक्त माका गावांदे. त्येका थंयच आडवो करतंय."

बुद्धभूषण खाली बसला. एवढंच नव्हे, तर निवेदन लिहायचं कामही त्याच्याकडेच आलं, कारण मोर्च्यांचा जाणकार तोच. 'अज्ञात समाजकंटकाला तात्काळ अटक व्हावी,' असं त्याने स्वतःच्याच सुंदर अक्षरात लिहून दिलं. तात्काळच्या जागी 'यथावकाश' घालून बघितलं, पण ते गुणाजींनी खोडलं.

सोमवारी सकाळी तो मुलाखतीला बसला. समोर प्राचार्या सुचित्रा मॅडम, विद्यापीठाकडून आलेले एक वयस्क तज्ज्ञ, आणि संस्थेचे विश्वस्त बाबुराव पाटकर. खिडकीशी बसलेल्या बाबुरावांनीच सुरुवात केली. "फ्लेक्स बघितला आम्ही शनिवारीच. आमच्या आधी तुमची नेमणूक झाली, बरं वाटलं."

म्हणजे काठी फुकटच गेली होती. तज्ज्ञांना मात्र त्याचा प्रबंध मनापासून आवडलेला दिसला. त्यांनी पुढे सरकून विचारलं, "मला सांगा, एरवी आपापल्या कामात असणारी साधी माणसं एका माणसासाठी अचानक रस्त्यावर कशी उतरतात?"

बुद्धभूषणने तोंड उघडलं आणि उत्तर खालून आलं.

"बुद्धभूषण सकपाळ आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ हैं!"

बाबुरावांनी खिडकीतून वाकून बघितलं. फाटकाशी दीडेकशे माणसं, दोन ढोल आणि सगळ्यांच्या पुढे रमाबाई. "ही तुमची माणसं?"

"हो. म्हणजे... शेजारी आहेत."

"मॅडम, हे बघा," बाबुराव सुचित्रा मॅडमकडे वळले. "उद्या ह्यांना एक मेमो दिला की खाली ढोल. ज्याच्या मागे एवढी माणसं, तो माणूस संस्थेला झेपायचा नाही. सकपाळ, तुम्ही या आता. आणि जाताना तेवढी गर्दी हटवा."

बुद्धभूषण जिना उतरायला लागला. आयुष्यभर त्याने माणसं एक झाल्याचं कौतुक शिकवलं होतं, आणि आज त्याच्यासाठी माणसं एक झाली म्हणून त्याची नोकरी गेली होती. त्याला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं हे कळेना. निदान हा घोळ तरी मिटवू, असं म्हणून तो फाटकाबाहेर आला आणि हात वर केला.

"घोषणा थांबवा. फ्लेक्स कॉलेजने नाही फाडला. मी फाडला. तो हेल्मेटवाला मीच."

ढोल थांबले. गुणाजी पुढे आले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "तू? कित्याक रे?"

"नोकरी अजून मिळालीच नव्हती, काका. मला लाज वाटली."

"आमची लाज?" गुणाजींनी हळूच विचारलं. बुद्धभूषणने नजर फाटक्या फ्लेक्सकडे वळवली, आणि तेच चुकलं. गुणाजी गर्रकन मागे वळले. अर्धा दिवस रजा टाकून आलेली माणसं, ढोल गळ्यात, गळे तापलेले. त्यांना नुसतं परत नेणं गुणाजींच्या स्वभावात नव्हतं. "डॉक्टर बुद्धभूषण सकपाळ यांचो..."

"निषेध असो!" दीडशे गळे एकदम म्हणाले. रमाबाई तेवढ्या गप्प राहिल्या.

पाच मिनिटं त्याने हा कार्यक्रम मान खाली घालून ऐकला, मग शिपाई त्याला परत बोलवायला आला. वरच्या व्हरांड्यात सुचित्रा मॅडम एकट्याच उभ्या होत्या.

"अभिनंदन, सकपाळ. तुमचं नाव नक्की झालं."

"काय?"

"आमचं दोघांचं मत तुमच्याच बाजूने होतं, अडलं होतं ते बाबुरावांपाशी. खाली निषेध सुरू झाला तसे ते उठून उभेच राहिले. म्हणाले, 'ज्याच्या मागे सख्खी चाळसुद्धा नाही असा माणूस हल्ली मिळतो कुठे? लगेच घ्या.'" मॅडमनी आवाज खाली आणला. "मात्र दोन वर्षं प्रोबेशन आहे. तोवर चाळीशी फार जमवून घेऊ नका. बाबुराव अजून खिडकीतच आहेत."

तो खाली आला. गर्दी पांगायला लागली होती. गुणाजी फाटकाच्या दगडावर बसून कपाळ पुसत होते, शेजारी रमाबाई. त्याला बघून गुणाजी उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले. "जाऊंदे रे. झाला ता झाला. चल घराक."

"हात लावू नका, काका," बुद्धभूषण ओठ न हलवता पुटपुटला. "लागली नोकरी. पण वरून साहेब बघतायत. तुम्ही सगळे माझ्यासोबत आहात असं दिसलं तर जाईल. दोन वर्षं तुम्हाला माझा निषेध करावा लागेल."

गुणाजींनी एकदा वरच्या खिडकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्यांचे डोळे भरले. मग नाक जोरात शिंकरून त्यांनी पांगलेल्या गर्दीला हाक मारली. "ए, खंय चल्लास? सगळे हयसर येवा! ढोल घेवा!"

माणसं धावत परत आली. कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं, आणि ते दीडशे कानांत जायला अर्धं मिनिटही लागलं नाही. काहींना हसू आवरेना, त्यांना ढोलामागे उभं केलं.

"डॉक्टर बुद्धभूषण सकपाळ यांचो..."

"निषेध असो!"

एवढा आनंदाचा निषेध परळमध्ये आजवर झाला नसेल. आणि ज्या पोराला जन्मात कधी वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या त्या रमाबाई, पदराने डोळे पुसत, मूठ वर करून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या.