उणे अठराला न सुटणारा टेप

जेमतेम बोटभर लांबीचा टेप. तो लावताना डिग्रीसाहेबांना वाटलं होतं की आपण एका प्रश्नाचा कायमचा निकाल लावतो आहोत. (निकाल लागलाच. फक्त तो त्यांचा लागला.)

डिग्रीसाहेब हे नाव त्यांना हमालांनी दिलेलं. कॉलेजशी त्यांचा संबंध बाहेरच्या भिंतीपुरताच आला होता. पण गावाबाहेरच्या शीतगृहात ते सव्वीस वर्षं तापमानाची नोंदवही सांभाळत होते. सहा खोल्या, प्रत्येक खोलीत चार थर्मामीटर, दर तासाला फेरी. वाटाणे उणे अठरा, आइस्क्रीम उणे बावीस, सफरचंदं अधिक दोन. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. एकदा जिन्यावरून घसरून पाय मुरगळला, तेव्हासुद्धा ते आधी लंगडत पाच नंबरच्या खोलीत गेले, आकडा टिपला, सही केली आणि मग ओरडले.

अशा माणसाच्या घरात लेकीने साप पाळला होता. चार वर्षांपूर्वी आणला तेव्हा अगदी दोरीसारखा बारीक, म्हणून नाव पडलं सुतळी. आता ती चार फूट लांब, अंगावर केशरी ठिपके, विष अजिबात नाही आणि स्वभावाने घरातल्या इतर तिघांपेक्षा शांत. डिग्रीसाहेबांचं तिच्याशी नातं शेजारच्या इमारतीतल्या माणसाशी असावं तसं: दिसली की मान हलवायची, हात मिळवायची वेळ येऊ द्यायची नाही.

मग लेकीला परगावी नोकरी लागली. आधी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, राहायचं वसतिगृहात. वसतिगृहाच्या नियमांत सापाचा उल्लेखच नव्हता. पण मांजराला मनाई होती, त्यावरून अंदाज येत होता.

"डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचं एक घर आहे," लेक म्हणाली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई सुतळीला लहानपणापासून तपासत होत्या. "ते तिला कायमचं घ्यायला तयार आहेत."

"इथेच राहू दे की," डिग्रीसाहेब म्हणाले.

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ते त्यांच्या बायकोच्या हातातलं झाकण होतं.

"बाबा, चार वर्षांत तुम्ही तिला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मी वाटाण्यालाही लावत नाही. पण सव्वीस वर्षांत एक वाटाणा बिघडलेला नाही."

शेवटी असं ठरलं की तीन आठवडे त्यांनी सुतळीला सांभाळून दाखवायचं. जमलं तर ती इथेच राहील. नाही जमलं तर ती त्या दुसऱ्या घरी जाईल.

खरं कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. लेक घराबाहेर असली की फोन आईला करायची. चाळीस मिनिटं मायलेकींचं चालायचं आणि शेवटी फोन त्यांच्याकडे यायचा. "बाबा, जेवलात?" "हो." "बरं, ठेवते." एवढ्यात त्यांचा वाटा संपायचा. त्यात दोष कुणाचाच नव्हता. विचारण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं, इतकंच. आता सापाच्या निमित्ताने ते मिळणार होतं; साप गेला की तेही गेलं असतं.

जाण्याआधी लेकीने त्यांना काचपेटीसमोर बसवून शिकवलं. साप आपलं अंग आपण गरम करू शकत नाही. म्हणून पेटीची उजवी बाजू उबेची, खाली थर्मोस्टॅट लावलेली मॅट. डावी बाजू थंडाव्याची, तिथे पाण्याचं भांडं. सुतळी आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जाणार. "म्हणून एक थर्मामीटर पुरत नाही, बाबा. दोन टोकं, दोन प्रोब, म्हणजे या तारांच्या टोकाच्या तापमान मोजणाऱ्या कांड्या. इकडे तीसच्या आसपास, तिकडे चोवीस. काचेला हात लावून अंदाज करायचा नाही."

डिग्रीसाहेबांचे डोळे भरून आले. आपल्या घरात कुणीतरी आपली भाषा बोलतंय, हे त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं.

लेक गेली त्याच दिवशी त्यांनी नोंदींचा मोठा तक्ता आखला. तो पेटीशेजारच्या भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत हवा होता. तिथे आधीच कसलासा कागद होता. त्यावरच बसवायचा ठरला. पण घरातला टेप कुठेच सापडेना. ("असेल कुठेतरी," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, वर न बघता.) मग त्यांनी शीतगृहातून एक रीळ आणलं. चंदेरी, दोन बोटं रुंद. सहाही खोल्यांतले प्रोब याच टेपने भिंतींना चिकटवलेले असायचे. उणे अठराला सुटत नाही, ही त्याची ख्याती. तक्ता त्यानेच भिंतीला चिकटवला.

त्यानंतरचे आठ दिवस त्यांच्या आयुष्यातले सोन्याचे होते. फ्रीजरमध्ये सुतळीसाठी ठेवलेल्या उंदरांच्या पाकिटांवर त्यांनी तारखेची लेबलं लावली. दर तासाला नोंद. ते कामावर असताना बायकोने नोंद करायची. ("आकडे बघून लिहितेस ना?" "नाही, स्वप्नात येतात.") आणि संध्याकाळी बरोबर सात वाजता फोन. त्यांना. त्यांच्या स्वतःच्या नंबरवर.

"बाबा, उबेकडे किती?"

"तीस पूर्णांक एक."

"थंडाव्याकडे?"

"तेवीस पूर्णांक आठ."

पहिल्या दिवशी संभाषण इथेच संपलं. तिसऱ्या दिवशी लेकीने तिच्या खोलीतला पंखा कसा कुरकुरतो ते सांगितलं. पाचव्या दिवशी तिचा वरिष्ठ सगळ्यांना कसा फाडून खातो ते. सातव्या दिवशी तर तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात भीती वाटली होती?" आणि सव्वीस वर्षांत कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट डिग्रीसाहेबांनी सांगितली: पहिल्याच आठवड्यात आपण चुकून स्वतःला दोन नंबरच्या खोलीत कोंडून घेतलं होतं आणि सुटका होईपर्यंत अडीच तास वाटाण्यांच्या पोत्यांना मिठी मारून बसलो होतो. लेक हसत हसत रडायच्या बेतात आली. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. एवढ्या लहान फटीतून माणूस इतका आत येऊ शकतो!

नवव्या दिवशी, सातला पाच कमी असताना, पेटीच्या थर्मामीटरचा गजर झाला. उबेकडे बावीस! शीतगृहात गजर वाजला की थंडावा वाढवायचा, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. त्यांनी धावत जाऊन पंखा फुल्ल केला, खिडकी उघडली आणि मग त्यांना आठवलं की इथे सगळं उलटं आहे. तेवढ्यात फोन आला. आकडा खोटा सांगायचा नाही, म्हणून त्यांनी खरा सांगितला.

"पाण्याच्या भांड्यात बघा," लेक शांतपणे म्हणाली.

उबेकडचा प्रोब भांड्यात निवांत पडला होता. सुतळीने येता-जाता तो ढकलत नेला होता.

"असं करते ती. पुसा आणि परत क्लिपमध्ये बसवा. क्लिपचा स्क्रू आवळा, म्हणजे झालं."

स्क्रू आवळला की झालं असतं. पण क्लिपच्या भरवशावर त्यांनी आजवर एक वाटाणा ठेवला नव्हता, तर साप कुठून ठेवणार? दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सुतळी तिच्या लपायच्या खोक्यात असताना त्यांनी चंदेरी टेपचा बोटभर तुकडा कापला, पेटीच्या आत हात घातला आणि प्रोब काचेला कायमचा चिकटवला.

दिवसभर आकडा कसा, तर तीस पूर्णांक दोन. बाराला तेच, तीनला तेच, पाचला तेच. साडेपाचला त्यांनी बायकोला मुद्दाम बोलावून आणलं.

"बघ. याला म्हणतात स्थैर्य."

बायकोने बघितलं. "अहो, आकडा स्थिर आहे ते ठीक. पण ही का स्थिर आहे?"

सुतळी टेपपाशी होती. म्हणजे टेपलाच होती. काचेवर दवासारखा ओलावा धरला होता, त्याने टेपचं एक टोक सुटलं होतं आणि ते टोक सुतळीच्या कुशीला जळवेसारखं घट्ट बसलं होतं. ती पुढे सरकायला बघे आणि कातडी ताणली जाई. (टेप उणे अठराला सुटत नाही, अधिक तीसला सुटतो, ही नोंद सव्वीस वर्षांत कुणी केली नव्हती.)

डिग्रीसाहेबांचा हात ओढायला पुढे झाला. बायकोने तो हवेतच धरला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"ओढू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कसला टेप आहे?"

"चांगला आहे हो. उणे अठराला..."

"कळलं. पेटीत हवाच कशाला होता? बरं, आता ऐका. टेप काचेपासून कापून घ्या, तिच्या अंगावरचा तसाच राहू द्या. तिला हातात घ्या. स्वयंपाकाचं तेल आणि कापूस. कडेकडेने तेल मुरवत न्यायचं. डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने. उलटं गेलात तर कातडी सोलून निघेल. तास लागला तर लागू द्या. नाही सुटला तर तशीच घेऊन या."

"हातात घ्या म्हणजे... कुणी?"

"तुमच्या घरी सध्या कोण कोण आहे?"

त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने तेलाची वाटी उचलली. "मी वाटी धरेन," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून कळलं की वाटपाचा प्रश्न संपला आहे.

डिग्रीसाहेबांनी डोळे मिटून हात घातला. ओली, गार, बुळबुळीत अशी काहीतरी कल्पना होती. प्रत्यक्षात ती कोरडी निघाली, गुळगुळीत आणि उबदार. तिने त्यांच्या मनगटाला एक वेढा घातला आणि थांबली. नऊ दिवसांत त्यांनी तिच्या भोवतालच्या हवेची शंभराहून जास्त वेळा नोंद केली होती, तिची एकदाही नाही. घाबरलेल्या जिवाचं अंग हाताखाली कसं बारीक थरथरतं, याला त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

तेल, कापूस, एक खवला. तेल, कापूस, दुसरा खवला. असं अर्ध्यावर आलं आणि सात वाजले.

फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात तेलात आणि सापात. बायकोने फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, उबेकडे किती?"

यंत्र समोरच होतं. तीस पूर्णांक दोन. आकडा खरा होता. एवढंच म्हणून थांबलं असतं तर वहीच्या नियमाने ते खोटं ठरलं नसतं. सुतळी राहिली असती, सातचे फोन राहिले असते. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"तीस पूर्णांक दोन," डिग्रीसाहेब म्हणाले. मग त्यांना दम घ्यावा लागला. "पण सुतळी तिथे नाही. ती माझ्या हातात आहे. मी आत टेप लावला होता. तिला तो चिकटला. चूक माझी आहे, तुझ्या आईची नाही."

नऊ दिवसांची फट बंद होताना त्यांना ऐकू आली.

"तुम्ही... तिला हातात घेतलंय?"

"हो."

"कॅमेरा लावा. मला बघू द्या."

पुढची पन्नास मिनिटं लेक फोनवर होती. "हळू. आता थांबा. तिला श्वास घेऊ द्या. तुम्हीपण घ्या, बाबा." आठला दहा कमी असताना टेपचा शेवटचा कोपरा सुटला. सुतळीच्या कुशीला लालसर पट्टा उठला होता, पण कातडी शाबूत होती. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तपासून सांगितलं, पुढच्या कातीला तोही जाईल.

"मी सगळं यादीत लिहून ठेवलं होतं," लेक म्हणाली. तिचा आवाज आता कुठे कापायला लागला होता.

"कुठल्या यादीत?"

बायकोने भिंतीवरचा नोंदींचा तक्ता वर उचलला. खाली लेकीच्या अक्षरातला कागद होता. चौथं कलम, दोन रेघा मारून: पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही लावू नये. पाचव्या कलमाचा तुकडा मात्र टेपबरोबर निघून आला.

"आणि पाचवं काय होतं?" डिग्रीसाहेबांनी खालच्या मानेने विचारलं.

"ते आईसाठी होतं. 'आई, घरातला टेप बाबांपासून लपवून ठेव.'"

"लपवला होता गं," बायको म्हणाली. "हे ऑफिसातून घेऊन आले."

लेक हसली. तेलकट हातांनी साप धरून उभ्या असलेल्या डिग्रीसाहेबांना ते हसू इतकं बरं वाटलं, की तिने आता नाही म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं. ती नाही म्हणाली नाही. "राहू दे तिला तिथेच," ती म्हणाली. "तुम्ही तीस पूर्णांक दोनवर थांबला असतात आणि मला मागून कळलं असतं, तर मी तिला त्या दुसऱ्या घरी पाठवलं असतं."

आता लेक कायमची परगावी आहे. फोन रोज सातला येतो, त्यांनाच येतो. फक्त प्रश्न दोनाचे तीन झाले आहेत.

"उबेकडे किती?"

"तीस."

"थंडाव्याकडे?"

"चोवीस."

"आणि घरात टेप किती?"

"शून्य," डिग्रीसाहेब कालच छातीठोकपणे म्हणाले. मग सव्वीस वर्षांची सवय आडवी आली. त्यांनी बुटांच्या कपाटाकडे एकदा बघितलं, बायकोकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"एक. पण अर्धाच उरलाय."