रज्जाकभाईचं डबलसीट फिरणं

रज्जाकभाईला डॉक्टरांनी रोज अर्धा तास झपाझप चालायला सांगितलं, आणि आमच्या वडनेर भोलजी गावात याहून अवघड औषध दुसरं नाही.

रज्जाक शिंपी. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मशीनवर. कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिसचे चट्टे. नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडं तो मलमासाठी गेला होता, तर त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी घेतलं आणि छातीला नळी लावली. "चट्टे वर दिसतात, पण सूज आतही असते. या आजारात हृदयाला जपावं लागतं. बीपी वाढलंय, वजन वाढलंय. मलम देतो, पण चाला." रज्जाकचा मोठा भाऊ याच मशीनवर बसल्या बसल्या गेला होता. त्यामुळं बायकोनं, हुस्नबानोनं, दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाहून आलेल्या नवऱ्याला दारातच अडवलं.

"पुलापर्यंत जाऊन या. मंग चाय."

तो गावाबाहेर पडतो न पडतो तोच मागून मोटरसायकल आली. पुंजाजी. शाळेपासूनचा दोस्त.

"बस."

"नाही बे, मी फिरून राह्यलो."

"कोठी जाऊन राह्यला ते सांग."

"पुलापर्यंत."

"काय काम हाय तिथं?"

"काहीच नाही."

काहीच काम नसताना पुलापर्यंत जाणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. पुंजाजीनं गाडी बंद केली. त्याचं तोंड उतरलं. त्याला कारण होतं. रज्जाकला चट्टे उठले तेव्हा हाच पुंजाजी वर्षभर दुकानात लांबच्या स्टुलावर बसायचा आणि आलेला चहा नको म्हणायचा. हा आजार कुणाला लागत नाही हे कळलं, तेव्हापासून शरमेनं त्याला झोप गोड लागत नव्हती.

"समजलं मले," तो म्हणाला. "अजून राग हाय तुह्या मनात. म्हून माह्या मागं बसत नाही."

"अबे, डाक्टरनं चालाले सांगतलं."

"डाक्टरचं नाव कायले घेतं? बस बे. मले काही वाटत नाही."

पुंजाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. दोस्ताच्या डोळ्यांत पाणी असताना स्वतःच्या बीपीचा विचार करणारा माणूस निराळा असतो, रज्जाक तसा नव्हता. तो बसला. पुंजाजीनं त्याला पुलावर सोडलं आणि गाडी वळवून उभा राहिला. रज्जाकनं थोडा वेळ नाल्यातल्या पाण्याकडं पाहिलं.

"झालं काम?"

"झालं."

घरी हुस्नबानोनं मोठ्या समाधानानं चहा दिला, बरोबर खारीही दिली. चालून आलेल्या माणसाला भूक लागते, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग रज्जाकनं वेळ बदलली, तर पुंजाजी त्याची वाट बघत रस्त्यावर उभा. मग रस्ता बदलला, शिवारातली पांदण धरली. मागून फटफट आलीच.

"तुह्यं वावर इकडं कधी आलं बे?"

"वावर तिकडंच हाय. तू इकडं आला म्हून आलो."

शेवटी रज्जाकनं शेजारच्या अन्नपूर्णाबाईंची बकरी मागून घेतली. बकरीवाल्या माणसाला डबलसीट कोण घेईल? पुंजाजीनं घेतलं. बकरी मधे बसली. पुलावर उतरल्यावर तिनंही थोडा वेळ नाल्याकडं पाहिलं आणि तिघं परत आले. बकरीला ते इतकं आवडलं, की पुढं मोटरसायकलचा आवाज आला की ती दावं ओढू लागली.

महिन्यानं डॉक्टरांनी रज्जाकला काट्यावर उभं केलं, बीपी घेतलं, पुन्हा घेतलं आणि विचारलं, "रोज चालता ना?"

"रोज पुलापर्यंत जातो," रज्जाक म्हणाला. हे खोटं नव्हतं.

"मग वाढलं कसं?"

हुस्नबानो शेजारीच बसली होती. येताना बसमध्ये ती नुसती नवऱ्याकडं बघत राहिली. वडनेर यायच्या आत त्यानं बकरीसकट सगळं कबूल केलं. बस थांबताच ती थेट पुंजाजीच्या अंगणात गेली. पुंजाजीची बायको शालूबाई तिथंच तूर पाखडत होती.

"भाऊ," हुस्नबानो म्हणाली, "त्यायचा तुमच्यावर कवाचाच राग नाही. पण हे असंच चाललं तर तुमच्या गाडीनं ते मरतीन."

"माह्या गाडीनं? भाभी, मी तं हळू चालवतो."

"तेच तं," शालूबाई म्हणाली. मग दोघींनी मिळून त्याला नीट समजावलं. त्याला समजलं तेव्हा त्यानं गाडीची किल्ली काढून शालूबाईच्या हातात दिली. रात्री जेवलाही नाही.

सकाळी रज्जाक निघाला, तर वेशीपाशी पुंजाजी उभा. पायी. बुशकोटाची वरची बटणं लावलेली, मोठ्या कामाला निघाल्यासारखा.

"आता मीच संग चालतो. पाहू तुले कोण गाडीवर बसवते ते."

पहिला अर्धा रस्ता झकास गेला. आलेल्या प्रत्येक गाडीला पुंजाजी हातानंच 'जा' म्हणत होता. मग त्याचं बोलणं कमी झालं. मग बंद झालं. घराच्या मागं शौचाला जायलाही गाडी काढणारा हा माणूस कित्येक वर्षांत एवढं चालला नव्हता. त्याचा श्वास भात्यासारखा वाजू लागला, कपाळाला घाम आला आणि त्यानं बाभळीला हात टेकला. रज्जाकला एकदम भाऊ आठवला, मशीनवर मान टाकलेला.

मागून हिंमतरावांचा ट्रॅक्टर येत होता. रज्जाक रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

"हिंमतरावभाऊ, याले घ्या. सरळ दवाखान्यात न्या."

"मले काही... नाही झालं," पुंजाजी म्हणाला. "मी फिरून राह्यलो."

"बस बे," रज्जाक म्हणाला आणि त्याला काखेत हात घालून ट्रॉलीत चढवलं. "मले काही वाटत नाही."

ट्रॉली भरलेली होती. सरकीची पोती, त्यांवर पुंजाजी. रज्जाकला पाय ठेवायला जागा नव्हती. दोस्ताच्या काळजीनं तो ट्रॅक्टरच्या मागं झपाझप चालू लागला. पूल कधी गेला ते त्याला कळलंही नाही.