शिंगं मोजली, गोचिडी राहिल्या

एका जंगलात चंद्री नावाची म्हैस खरं बोलली आणि कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. यात नवल काय, असं विचारू नका बाळांनो. नवल काहीच नाही. मांडी घाला आणि ऐका.

त्या वर्षी जंगलात गोचिडी फार झाल्या. चंद्रीचं रेडकू बाभळीला अंग घासून घासून सोलपटलं. चंद्रीनं सीताफळाचा पाला वाटून लेप केला.

वाघमहाराज म्हणाले, "आधी प्रयोग. लेप खरा निघाला तर सगळ्यांना. खोटा निघाला तर कुणालाच नाही. तुझ्या रेडकालाही नाही."

प्रयोग साळिंदराकडे गेला. अंगभर लेखण्या घेऊन फिरणारा तोच एक होता.

त्यानं चोवीस जनावरं घेतली. शिंगवाली एकीकडे, बिनशिंगी एकीकडे. "आता दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकू. निम्म्यांना लेप, निम्मी तशीच."

चंद्री म्हणाली, "डाक्टर, गोचीड शिंगाला लागते का?"

"नाही."

"मग शिंगं कशाला बघता? गोचीड तळ्याकाठच्या गवतात असते. काठावरच्यांच्या अंगावर शंभर, टेकडीवरच्यांच्या पाच. काठावरची वेगळी काढा, टेकडीवरची वेगळी काढा, मग टाका चिठ्ठ्या."

"बाई, शिंगं लांबून दिसतात. मागच्या प्रयोगातही शिंगंच घेतली होती."

"तो प्रयोग कशाचा होता?"

"शिंगांना रंग द्यायचा."

चंद्रीनं शेपटी आपटली.

"आणि चिठ्ठी आंधळी असते," साळिंदर म्हणाला. "ती सगळं सारखं करते."

"चोवीस हजार जनावरं असती तर केलं असतं. इथं चोवीस आहेत."

"किती शिकलात?"

"चौथी."

साळिंदर नुसता हसला.

चिठ्ठ्या निघाल्या. लेपाच्या बारांत दहा तळ्याकाठची आली. रेडकाला लेप मिळालाच नाही.

पंधरा दिवसांनी मोजणी झाली. लेपवाल्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर चाळीस-चाळीस, बाकीच्यांच्या अंगावर बहुतेक पाच-पाच. साळिंदरानं लिहिलं, लेपानं गोचिडी वाढतात.

"अहो, त्यांच्या अंगावर आधी शंभर होत्या," चंद्री म्हणाली.

"आधी मोजायचं ठरलं नव्हतं."

लेपावर बंदी आली.

आठवडा गेला. तळ्यावर पाणी पिता पिता महाराजांच्याच कानामागं गोचिडी चिकटल्या. मग महाराज गुपचूप चंद्रीकडे आले. चौथ्या दिवशी कान साफ. पाचव्या दिवशी बंदी उठली. रेडकाला पहिला लेप लागला, आणि ते काठाकाठानं उड्या मारत सुटलं.

महाराजांनी साळिंदराला विचारलं, "मग प्रयोग फसला कुणामुळं?"

साळिंदरानं एक लेखणी उपसली आणि कारण लिहिलं: "तळं आणि टेकडी असा भेद या जंगलात कधीच नव्हता. सदर म्हशीनं तो भर सभेत काढला. तेव्हापासून तो आहे."

महाराजांनी पंजा उमटवला.

तात्पर्य: बाळांनो, दिसलेला फरक कधी बोलून दाखवू नये. न बोललेल्या फरकाला मालक नसतो. बोललेल्याला असतो, आणि कागदावर त्याचं नाव असतं: चंद्री.