रंगनाथ मुकादमांचा डावा हात

रविवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. ठिकाण : पाटोद्याजवळची आमची वस्ती, रंगनाथ मुकादमांचं अंगण.
हजर : डावा खांदा, उजवा खांदा, कंबर, दोन्ही मनगटं, उजवा गुडघा.
उशिरा हजर : डावा गुडघा.
गैरहजर : मुंडकं.

ही हजेरी माझी नाही. मुकादम रोज स्वतःच स्वतःची घेतात. हातात गोल्फची काठी धरून अंगणाच्या मधोमध उभे राहतात आणि खणखणीत आवाजात पुकारतात, "डावा खांदा?" मग तो खांदा जरा उचलून स्वतःच म्हणतात, "हाय!" असं करत मुंडक्यापाशी आले की गप्प होतात. चेंडू मारताना डोकं हलू द्यायचं नसतं, आणि त्यांचं आदल्या दिवशी हललेलं असतं.

"खाडा लिवा त्याचा," ते बायकोला सांगतात.

पारूकाकू चुलीपुढून उत्तर देतात, "जागेवर हुतं कवा ते!"

मुकादमांनी तीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या. त्याआधी बारा वर्षं स्वतः कोयता चालवला. पहाटे चारला टोळीच्या झोपड्यांपुढे, कोपी-कोपीपुढे उभं राहून माणसं उठवायची आणि हजेरी घ्यायची, हे त्यांचं आयुष्य. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नकार दिला आणि ते घरी बसले. दिवाळी झाली की आमची वस्ती ट्रकांत बसून कारखान्यांकडे निघून जाते. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि माझ्यासारखे दुकानवाले. माझं पाटोद्याला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मुकादम मात्र चारला उठतच राहिले. उठवायला कुणी नव्हतं.

गोल्फ आला तो गोरखमुळे. गोरख हा त्यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणी दरवर्षी आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायचा आणि दरवर्षी त्याची अर्धी शाळा बुडायची. मोठा झाला, एक दिवस बापाशी कडाडून भांडला आणि पुण्याला गेला. तिथल्या एका गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून लागला. आता तिथलं सगळं गवत त्याच्या हाताखाली आहे. फोन करायचा, पण बापलेकांचं बोलणं मी ऐकलेलं आहे.

"बरं हाय का?"
"हाय."
"पाऊस?"
"न्हाई."
"बरं. ठिवतो."

मागच्या वर्षी गोरख चार दिवस आला आणि जाताना कुणा साहेबाने टाकून दिलेली एक मोडकी काठी आणि तीन चेंडू इथेच विसरून गेला. हमीदभाई मेकॅनिकनी त्या काठीला ट्रॅक्टरचा पाइप जोडून दिला. मग मुकादमांनी गोरखला सहज विचारलं, "ही धरायची कशी रं?" त्या दिवशी गोरख फोनवर चाळीस मिनिटं बोलला. अंगठा कुठे, करंगळी कुठे, वजन कोणत्या पायावर. फोन ठेवल्यावर मुकादम कितीतरी वेळ तो हातात धरूनच बसले होते. दुसऱ्या दिवशी सरावाला सुरुवात झाली.

सरावाची शिस्त मी लावून दिली, कारण कुठलीही गोष्ट नीट मांडलेली नसली की मला चैन पडत नाही. वेळ एकच, सकाळी सव्वासहा. जागा एकच, गोठ्याची भिंत डाव्या हाताला. पहिल्या दिवशी शंभर फटके नाहीत, दहाच. जमले की भिंतीवर कोळशाने रेघ. एक दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ दोन दिवस नाही. मुकादमांनी सगळं मान्य केलं, फक्त शेवटचं कलम खोडलं. "एक दिवस बी चुकायचं न्हाई. म्या टोळीला कवा सूट दिली न्हाई, मला कावून दिऊ?"

आणि चुकले नाहीत. तापात फटके मारले, पुतणीच्या हळदीच्या सकाळी नव्या धोतरात मारले. समोरून हमीदभाई दात घासत ओरडायचे, "अबे रंग्या, हवेला कावून मारायला बे? हवेनं काय केलंय तुझं?"

"तू बोनटात मुंडकं घाल. हितलं तुला कळायचं न्हाई."

अडचण एकच होती, पण मोठी. ऊस तोडताना डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्याने बुडाशी कोयता घालायचा. गोल्फची काठी दोन्ही हातांनी धरायची असते. मुकादम काठी झोकात मागे न्यायचे, पण ती खाली येता येता त्यांचा डावा हात आपोआप सुटायचा आणि हवेतला ऊस धरायला जायचा. उजवा हात काठी बुडात घालायचा. चेंडू जागेवर, मातीचं ढेकूळ गोठ्यात. शेळीनेही तिथे बसणं सोडलं होतं.

दर रविवारी सकाळी मी त्यांचा एक व्हिडिओ काढून गोरखला पाठवायची, कारण मुकादमांचा फोन साध्या बटणांचा. संध्याकाळी सातला गोरखचा फोन यायचा. "आबा, डावा हात सुटतोय." मग अर्धा-पाऊण तास तोच हात. त्यातून निघून कधी आईचं औषध, कधी पुण्यातली थंडी, कधी फडावरची एखादी जुनी आठवण. एकदा गोरख म्हणाला, "एकदा बरोबर बसू द्या, आबा. मग हिकडं या, खऱ्या गवतावर मारू."

तर हा जो रविवार मी सुरुवातीला सांगितला, त्या दिवशी मला बीडला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर निघाले आणि मागच्या बाजूने, कडब्याच्या गंजीकडून आले. हजेरी गंजीमागूनच ऐकली. उजेड पुरतोय का ते बघायला मी तिथूनच व्हिडिओ सुरू केला.

मुकादमांनी काठी मागे नेली. वर क्षणभर थांबवली. ती खाली आली ती सूं आवाज करत. दोन्ही हात काठीवर. डोकं खाली. चेंडू बाभळीवरून गेला आणि काढलेल्या सोयाबीनच्या रानात पडला. त्यांनी दुसरा ठेवला. तोही गेला. मग नुसतीच काठी दहा वेळा फिरवली. एकदाही हात सुटला नाही.

मी पुढे आले आणि नेहमीसारखा समोरून दुसरा व्हिडिओ सुरू केला. मुकादम दचकले, तिसरा चेंडू ठेवला, काठी उचलली, आणि डावा हात सुटला. ढेकूळ माझ्या चपलेवर.

"बघा ताई! सवय लई वाईट," ते म्हणाले.

"मुकादम, मघाशी सगळे फटके बरोबर बसले."

ते काठीच्या पात्याची माती नखाने काढत राहिले.

"कधीपासून येतंय?"

"पोळ्यापासून."

म्हणजे तीन महिने झाले होते. तीन महिने दर रविवारी हा माणूस माझ्या फोनपुढे मन लावून चुकत होता.

"अहो, मग गोरखला सांगा ना! किती खूश होईल तो. पुण्याला बोलावेल."

"बोलावील. जाईन म्या. एक दिवस गवतावर मारीन, च्या पिऊन माघारी येईन." त्यांनी भिंतीवर त्या दिवसाची रेघ ओढली. "मंग पुढच्या रईवारी त्यो मला कावून फोन करील, ताई? पाऊस इचारायला?"

"असं त्यालाच सांगा की."

"लेकराला आसं सांगतेत व्हय? आन् मुकादमानं?"

फोनमध्ये दोन व्हिडिओ होते, एक खरा, एक खोटा. कोणता पाठवायचा ते एसटीत बसून ठरवू म्हटलं. एसटीत जागा मिळाली नाही, साखरपुड्यात वेळ मिळाला नाही. परत वस्तीवर उतरले तेव्हा सात वाजून गेले होते आणि मी एकही व्हिडिओ पाठवलेला नव्हता.

आज फोन आलाच नसणार. सगळा दोष माझा म्हणून सांगायचं, असं ठरवत मी थेट मुकादमांच्या अंगणात गेले.

मुकादम बाजेवर बसले होते. फोन पुढ्यात, स्पीकर लावलेला.

"आबा, बघितला आजचा," गोरख सांगत होता. "परत डावा हात सुटलाय. किती वेळा सांगू तुमाला?"

"सुटला खरा," मुकादम म्हणाले. चेहरा अपराधी, आवाज मात्र पोटभर जेवलेल्या माणसासारखा.

मी फोन काढून बघितला. गोरखला माझा शेवटचा निरोप मागच्या रविवारचा. पुन्हा बघितला. तोच.

"आन् आज पाय लई जवळ जवळ हुते, आबा."

मुकादमांना हे लागलं. "पाय बराबर हुते माझे."

"न्हाई, जवळ हुते. म्या बघितलं ना."

मुकादमांनी बाजेखाली लोंबणाऱ्या आपल्या पायांकडे पाहिलं. "आसतील," ते म्हणाले.

पारूकाकूंनी मला खुणेनेच बसायला सांगितलं आणि हातात चहा दिला. पाय किती अंतरावर ठेवायचे हे गोरख समजावत होता आणि मुकादम अंधार पडत आलेल्या अंगणात उठून एकेक पाऊल मोजून बघत होते. "येवढं? का अजून?" "अजून थोडं, आबा." "आता?" पाऊण तास चाललं ते. माझा चहा संपून पेला गार झाला होता, तरी मी उठले नाही.

दोन्ही व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत. 'गोरखला पाठवणे' हे काम यादीत बाकी आहे. आज गुरुवार.