अमेरिकेचा मोबाइल आणि कोथरूडची गच्ची

यंत्रांतलं मला कळतं! आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडला की प्लंबरच्या आधी मी हजर असतो. (प्लंबर आल्यावर मला घरी जायला सांगतात, तो भाग वेगळा.) त्यामुळे २००२ साली आमच्या नमूनं, म्हणजे लेक नम्रतानं, अमेरिकेहून मैत्रिणीबरोबर मोबाइल पाठवला, तेव्हा मी कुणालाही काही विचारलं नाही.

त्यात घालायचं सिमकार्ड घ्यायला कर्वेनगरला गेलो. दुकानदार म्हणाला, "फोन आणलाय का? आपल्या नेटवर्कवर चालतो का, बघून घेऊ."

"अहो, अमेरिकेचा आहे!"

"म्हणूनच म्हणतोय."

असल्या माणसाशी काय बोलायचं? मी कार्ड खिशात घातलं. फोनमध्ये घालायच्या आधीच जावयाला, श्रीधरला, नवा नंबर कळवून टाकला. नमूचे दिवस भरत आले होते. "बाळ झालं की पहिला फोन याच नंबरवर! त्याचं रडणं सगळ्यांच्या आधी मला ऐकायचंय!"

रविवारी दुपारी घरच्या फोनवर श्रीधरचा निरोप आला. नमूला दवाखान्यात नेलं होतं. आता केव्हाही!

मी मोबाइल हातात घेतला. रेंजची एकही दांडी नव्हती.

"भिंतींमुळे होतं असं," मी बायकोला, शालनला, म्हणालो. "मी गच्चीवर जातो. तू घरच्या फोनवरून माझा नंबर फिरवत राहा. अजिबात थांबू नकोस!"

"अहो, पण मध्येच श्रीधरचा फोन आला तर?"

"तो मोबाइलवर करणार आहे!"

बिचारी फिरवत राहिली. थोड्या वेळानं गॅलरीतून तिचा आवाज आला, "अहो, ती बाई म्हणतेय, तुम्ही क्षेत्राबाहेर आहात!"

"गच्चीवर आहे म्हणावं!"

"सांगितलं! ती ऐकतच नाही!"

मी पाण्याच्या टाकीवर चढलो. एवढ्यात पडद्यावर एक दांडी दिसली! "हॅलो! नमू! हॅलो!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. मग ती दांडी चालायला लागली. मुंगी होती.

तरी खाली उतरवेना. ऊन कलत होतं. टेकडीवर घारी अगदी सावकाश फिरत होत्या. टाकी पाठीला कोमट लागत होती. मी आडवा झालो, फोन छातीवर ठेवला आणि वाटायला लागलं, आता तिकडून एक इवलासा आवाज निघाला असेल. समुद्रावरून, ढगांमधून, वाट विचारत विचारत येतोय. मुंबई ओलांडली, घाट चढला, आता कोथरूड शोधतोय. मी फोन जरा उंच धरला, त्याला दिसावा म्हणून. डोळे मिटले. खरं सांगतो, इतकं सुख मला पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झालं नव्हतं. नमू जन्मली, तेव्हा मी ऑफिसात होतो. तिचं पहिलं रडणं माझं राहूनच गेलं होतं.

"अहो गोपाळकृष्ण! खाली या! तुमचा फोन!"

तळमजल्यावरच्या सोजरबाई अंगणातून हाका मारत होत्या. आमच्याकडे फोन नव्हता, तेव्हा आम्ही सगळ्यांना त्यांचाच नंबर देत असू. नमूच्या जुन्या वहीत तो अजून होता. मी चार मजले कसे उतरलो, मला आठवत नाही.

"बाबा, मुलगी झाली!" श्रीधर म्हणाला. "दीड तास प्रयत्न करतोय! मोबाइल लागत नाही, घरचा सारखा एंगेज!"

"मोबाइलला जरा रेंज..."

"अहो, तो इथल्या कंपनीला बांधलेला असतो! तिथलं कार्ड त्यात चालतच नाही. कार्ड घेताना विचारलं नाहीत का कुणाला?"

"ते राहू दे, आधी बाळाचा आवाज ऐकव!" मग त्यानं रिसीव्हर बाळाजवळ धरला. काय सांगू! खणखणीत आवाज! माझे डोळे भरून आले. शालन धापा टाकत आली, तिच्या कानाला मी रिसीव्हर लावला आणि ऐटीत सोजरबाईंना म्हणालो, "ऐकायचंय? आमची नात!"

"मघाशीच ऐकलं हो, तुम्ही जिना उतरत होतात तेव्हा," सोजरबाई म्हणाल्या. "अगदी तुमच्यावर गेलीय. पलीकडे कुणी आहे का ते न बघताच ओरडते!"