बिनप्लास्टिकचा पाव

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “गरम अन्न प्लास्टिकमध्ये ठेवू नका. त्यातली काही रसायनं अन्नात उतरतात आणि शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबुड करतात. पोटातल्या बाळाला ते बरं नाही.” बायकोने मान डोलावली. तिच्या कॅशियर नवऱ्याचं मात्र टाळकंच सटकलं.

घरी येताच त्याने स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे, बाटल्या, चाळण्या एका गोणीत कोंबून जिन्यात नेऊन आपटल्या. सासूबाईंची कवळीची डबी थोडक्यात वाचली (कवळी आत होती आणि सासूबाई बाहेर).

“बनवणारे मोकळे, विकणारे मोकळे! अजून जन्मालाही न आलेल्या जिवाला कुणी विचारलं होतं का?” तो गरजला. राग खरा होता. फार वर्षांनी घरात पाळणा हलणार होता.

त्याच तिरमिरीत तो पाव आणायला गेला. बेकरीवाल्याने भट्टीतले पाव प्लास्टिकच्या पिशवीत टाकले मात्र, हा कडाडला, “विष विकता?”

“मग काय ओंजळीत देऊ?”

कॅशियरने खिशातून दुकानातल्या बिलाच्या मशीनचा रोल काढला. (उरलेले रोल तो घरी आणायचा. बायको त्यावर निरोप लिहायची, सासूबाई ते कपाटात अंथरायच्या.) “हा बघा, शुद्ध कागद!” म्हणत त्याने वाफाळते पाव त्यात गुंडाळले.

घरी येऊन उघडतो तर कागद काळाकुट्ट!

“पावातसुद्धा भेसळ!” तो कागद नाचवत तो थेट दवाखान्यात. बायको ‘अहो, थांबा’ म्हणत मागोमाग.

“पावातल्या विषाने बिलाच्या मशीनची शाई कागदावर उतरली, बघा!”

डॉक्टरीणबाईंनी कागद लांबूनच पाहिला. “मशीनमध्ये शाई कधी भरली होती?”

कॅशियर आठवू लागला. इतकी वर्षं बिलं फाडली, पण शाई एकदाही भरली नव्हती. तसा प्रश्नही कधी पडला नव्हता.

“शाई नसतेच. या कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. आणि त्या लेपात बरेचदा प्लास्टिकमधल्याच जातीचं रसायन असतं, हाताला लागणारं. घरी आणता का हा?”

बायकोने नवऱ्याकडे बघत निरोप लिहिणारी बोटं पदराला पुसली.

“बाळ व्यवस्थित आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कागद तेवढा बंद करा.”

सगळं कळल्यावर सासूबाईंनी कपाटातले कागद जावयाच्या अंगावर भिरकावले आणि त्यालाही जिन्यात बसवलं, गोणीशेजारी. बऱ्याच वेळाने दार उघडलं. तो आशेने उठला. सासूबाईंनी गोणी आत ओढली.

“या डब्यांत कोरडं धान्य तरी भरता येईल, जावईबापू. तुमचं काय करायचं?”