आमच्या वाईनची पिढीजात चव

"लई आंबट हाय मेलं. जनावर बी तोंड लावायचं न्हाई," स्वयंपाकघरात सासूबाई पुटपुटल्या. मी दाराआडच होते. ताकाबद्दल म्हणत असतील, अशी माझी पक्की खात्री. माझ्या घरातलं माझ्यापासून काही लपत नाही.

निलंग्याजवळ आमची द्राक्षबाग आणि बागेतच लाल वाईन. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग, त्यामुळे घरात कुणी थेंबही घेत नाही. निदान सांगायचं तसंच. मी कोठीत चमचाभर घेतली होती. त्यापेक्षा चिंचेचं पाणी बरं! पण आंबट आहे म्हणायचं, तर चाखली कधी तेही सांगावं लागणार. आमचे हे, म्हणजे वीरेश, बाटलीवरची चिठ्ठी रोज मोठ्यानं वाचायचे: "सौम्य, कुणालाही सहज आवडेल अशी." धाकटे दीर वीरण्णा मान डोलवायचे, आणि आंबलेल्या दातांवरून जीभ फिरवायचे.

त्या दिवशी लातूरच्या एका हॉटेलाचे साहेबराव चव बघायला येणार होते. ते नको म्हणाले तर वेल उपटून ऊस, असं ह्यांनी ठरवलेलं. एकेक वेल मी हातानं बांधलाय. "वाईनला दोन तास हवा लागावी लागते," असं कुठंतरी वाचून ह्यांनी बाटल्या स्टीलच्या जगात ओतल्या आणि जग ओट्यावर ठेवला होता, सासूबाईंच्या ताकाशेजारी.

साहेबराव आले. ग्लास गरगर फिरवला, गव्हाणीत म्हशीनं खुपसावं तसं नाक खुपसलं, घोट घेऊन डोळे मिटले.

"वा! मागून वेलची येते. गुळासारखा गोडवा. मातीचा गुण दिसतो."

आम्ही तिघं छताकडे बघू लागलो.

"माती चांगलीच हाय आमची," हे म्हणाले.

"पन्नास पेट्या द्या. पण चव अगदी हीच पाहिजे. करता कशी?"

"पिढीजात पद्धत हाय." वाईन सुरू करून चार वर्षं झालीत.

"म्हणजे नेमकं काय करता?"

ह्यांनी वीरण्णांकडे बघितलं, वीरण्णांनी माझ्याकडे, मी पायाच्या अंगठ्याकडे.

सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"काय करत्यात? घड कच्चे तोडत्यात अन् वेलावर राग काढत्यात. गूळ अन् वेलदोडे मी घातले. चाखली ह्या समद्यांनी, चोरून. मी बी चाखली. आंबट हाय म्हनायला तोंड तेवढं एकालाबी न्हाई."